उलाळ आणि धुरजड : गाडीला गाडी जोडण्याची कथा

मिरज सोडून पंढरपूरच्या वाटेला लागलें कीं कृष्णाकांठची काळी जमीन मागें पडते, उंसाचे मळे विरळ होतात आणि उघडा माळ सुरू होतो. त्या माळावर कवठे महांकाळ हें गांव वसलेलें आहे. महांकाली देवीचें स्थान, तालुक्याचें ठिकाण आणि पर्जन्यछायेंतील कोरड्या मुलुखाचा जणुं उंबरठा, अशी त्याची ओळख. या गांवानें गेल्या शंभर वर्षांत तऱ्हेतऱ्हेचें ओझें ओढलें जातांना पाहिलें आहे : खिल्लार बैलांची गाडी, अडीच फुटी रुळांवरची आगगाडी, आणि उंसाच्या दोन ट्रॉल्या मागें घेऊन चाललेला ट्रॅक्टर. आतां शहरांतील सधन घरांत या मालिकेचा आणखी एक प्रकार अवतरूं पाहत आहे. लक्षावधि रुपयांची ऐषारामी एस्.यू.व्ही. दाराशीं उभी असते, आणि तिच्या मागें लोखंडी हूक बसवून एखादी नाव, घोड्याची पेटी किंवा फिरतें घर ओढावें, अशी गृहस्थाला इच्छा होते. हूक घरपोंच मिळतो, पाने-पेंचकस घरांत असतात, सुटीचा दिवस मोकळा असतो. मग कारखान्यांत कशाला जावें?

वाहनांचा इतिहास लिहिणारे चाकाविषयीं लिहितात, इंजिनाविषयीं लिहितात. सांध्याविषयीं कोणी फारसें लिहीत नाहीं. वास्तविक ओढणारा आणि ओढला जाणारा ज्या एका जागीं एकमेकांस धरतात, तेथेंच बहुतेक अपघातांचें बीज असतें. सांधा तुटला म्हणजे अपघात होतो, ही समजूत सार्वत्रिक आहे. पण ती अपुरी आहे. न तुटलेल्या सांध्यानेंहि माणसें मेलीं आहेत, आणि बैलांचे गळे आवळले गेले आहेत. प्रश्न सांधा किती बळकट आहे एवढाच नसतो. त्या सांध्यावर वरून किती भार बसला आहे, हाहि असतो. ही गोष्ट दक्षिण महाराष्ट्रांतील गाडीवानास पुस्तकावांचून ठाऊक होती. इतकेंच नव्हे, तर तिच्यासाठीं त्याच्या भाषेंत दोन स्वतंत्र शब्द होते.

बैलगाडीची रचना पाहावी. दोन चाकांच्या मधल्या आंसावर साटा बसवलेला असतो. साट्याखालून दांडी पुढें जाते, आणि तिच्या टोकाला आडवें जूं बांधलेलें असतें. जुवाला शिवळा, शिवळांना जोतीं, आणि जोत्यांच्या फांसांत बैलांच्या माना. गाडीला दोनच चाकें असल्यामुळें ती तराजूसारखी असते : एक पारडें आंसाच्या पुढें, दुसरें मागें. माल पुढें अधिक भरला तर दांडी खालीं दाबली जाते आणि तें ओझें बैलांच्या मानेवर येतें. अशा गाडीला ‘धुरजड’ म्हणत. माल मागें अधिक भरला तर दांडी वर उचलली जाते, जूं मानेवरून उठतें आणि गळ्याखालचीं जोतीं आवळूं लागतात. ती गाडी ‘उलाळ’. धुरजड गाडीनें बैलाच्या मानेला जखम होते. उलाळ गाडीनें चढणीवर त्याचा श्वास कोंडतो. बेंदराच्या सणाला खांदमळणी करून बैलाच्या खांद्यांना हळद-तूप चोळण्याची चाल या भागांत आहे. तिच्यांतील कृतज्ञता सर्वांस दिसते. परंतु वर्षभर त्या खांद्यावर काय बसलें होतें, याचा हिशेबहि त्या चोळण्यांत आहे.

चांगला गाडीवान यांपैकीं कोणतीच टोंकें पत्करीत नसे. गाडी किंचित धुरजड असावी, उलाळ कदापि नसावी, हा त्याचा दंडक. पोतीं रचून झालीं म्हणजे बैल जुंपण्यापूर्वी तो दांडीचें टोंक हातानें उचलून पाही. तें सहज उचललें गेलें तर एखादें पोतें पुढें सरकवी. उचलतांना कंबर लचकेल असें वाटलें तर मागें सारी. या एका हालचालींत जें ज्ञान साठवलेलें होतें, त्यासाठीं आजच्या अभियंत्याला समीकरण मांडावें लागतें.

तें समीकरण असें. मोटारीच्या मागें जोडावयाची एकआंसी ओढगाडी ही बैलगाडीचीच बहीण आहे. तिची दांडी मोटारीच्या गोळ्यावर टेकते. ब्रिटनमध्यें फिरत्या घरांच्या बाबतींत असा संकेत आहे कीं, ओढगाडीच्या एकंदर वजनाच्या शेंकडा 5 ते 7 इतका भार गोळ्यावर यावा. अमेरिकेंत वाहनें व ओढगाड्या निराळ्या घडणीच्या असल्यामुळें तेथें शेंकडा 10 ते 15 चा प्रघात आहे. म्हणजे 1000 किलो वजनाच्या ओढगाडीचा भार ब्रिटिश हिशेबानें 50 ते 70 किलो, अमेरिकन हिशेबानें 100 ते 150 किलो. आंकड्यांत मतभेद असला तरी दिशेंत नाहीं : दोन्ही देशांत गाडी थोडी धुरजडच हवी. ती उलाळ झाली, तर हळू चालीला कांहींच दिसत नाहीं. परंतु वेग वाढला कीं मागची गाडी डावीकडे-उजवीकडे डोलूं लागते. एक झोका दुसऱ्याला बळ देतो. आणि विशिष्ट वेगापलीकडे गेल्यावर ते झोके आपोआप शमत नाहींत, वाढतच जातात. शेवटीं ओढगाडी मोटारीला शेंपटीनें धरून रस्त्याबाहेर फेंकते. बैल ताशीं तीन-चार किलोमीटर चालतो. त्यामुळें गाडीवानाला हें डोलणें भेटलें नाहीं. त्याला फक्त बैलाचा कोंडलेला श्वास भेटला. कारण मात्र एकच होतें.

बैलगाडीनंतर कवठे महांकाळला आली ती आगगाडी. तिच्यामागें एक विलक्षण इंग्रज गृहस्थ उभा होता. एव्हरार्ड कॅलथ्रॉप हा 1857 सालीं जन्मला आणि जी. आय. पी. रेल्वेच्या नोकरीनिमित्त हिंदुस्थानांत आला. स्वस्त आणि अरुंद रुळांची आगगाडी दख्खनच्या आंतल्या बाजारपेठांना पुरेल, हें त्याचें वेड. 1897 सालीं बार्शी लाइट रेल्वेचा पहिला टप्पा खुला झाला. त्यापूर्वी त्यानें आपलीं इंजिनें व डबे लीड्सजवळ मुद्दाम घातलेल्या रुळांवर चालवून दाखविले होते. त्याच्या योजनेचें मर्म असें कीं, इंजिन असो वा मालडबा, कोणत्याहि एका आंसावर पांच टनांपेक्षां अधिक भार येऊं द्यावयाचा नाहीं. भार सर्व आंसांवर सारखा वांटला म्हणजे वारामागें तीस पौंड वजनाचा हलका रूळहि पुरतो. गाडीवान पोतें पुढें-मागें सरकवीत होता, तेंच काम कॅलथ्रॉप कागदावर करीत होता, असें म्हटल्यास अतिशयोक्ति होणार नाहीं. हाच गृहस्थ पुढें विमानांतून उडी घेण्याच्या हवाई छत्र्या बनवूं लागला, अरबी घोडे पाळूं लागला, आणि 1920 सालीं घोड्याला मित्र मानून वागवावें असें सांगणारा ग्रंथहि त्यानें लिहिला. ओढणाऱ्याच्या बाजूनें विचार करण्याची संवय त्याला रुळांवरून लागली कीं तबेल्यांतून, हें ठरविणें कठीण आहे.

पंढरपूरहून मिरजेपर्यंतचा फांटा 1927 सालीं पुरा झाला आणि कवठे महांकाळ आगगाडीच्या वाटेवर आलें. कॅलथ्रॉप त्याच वर्षीं वारला. 1954 सालीं ही रेल्वे सरकारनें घेतली, आणि पुढें एकविसाव्या शतकाच्या आरंभीं टप्प्याटप्प्यानें तिचे रूळ रुंद मापाचे झाले. अरुंद मापाच्या गाडींत डब्यांच्या दोन्ही बाजूंस धक्के सोसणाऱ्या दोन-दोन तबकड्या नसत; धक्का आणि ओढ दोन्ही मधल्या एकाच सांध्यानें सोसावयाचीं, अशी सर्वसाधारण रीत होती. वळणें तीव्र असल्यामुळें तेंच सोयीचें होतें. ओढणारा सांधा ढकलणेंहि सोसतो, ही गोष्ट येथें लक्षांत ठेवण्यासारखी आहे. ती पुढें उपयोगी पडेल.

आगगाडीच्या सांध्यानें मनुष्याचा बळी कसा घेतला, याची कहाणी मात्र अमेरिकेंत अधिक ठळक दिसते. तेथें एका डब्याची लोखंडी कडी दुसऱ्या डब्याच्या खांचेंत धरून वरून खिळा टाकण्याची पद्धत होती. डबे एकमेकांवर येत असतांना मनुष्यानें मधोमध उभें राहून हातानें कडी नेमकी धरावयाची. क्षणाचा उशीर झाला तर बोटें जात. पाय घसरला तर जीव जाई. ज्याच्या हाताचीं बोटें कमी, तो जुना कामगार, अशी ओळख पटे म्हणतात. इलाय जॅनी नांवाच्या गृहस्थानें 1873 सालीं मिटलेल्या मुठीसारख्या आपोआप अडकणाऱ्या सांध्याचें पेटंट घेतलें. रेल्वे कंपन्यांनी खर्चाकडे बोट दाखवून चालढकल केली. अखेर 1893 सालीं कायदा झाला कीं, कामगारानें डब्यांच्या मध्यें न जातां जोडले जातील असेच डबे वापरले पाहिजेत. शोध आणि सक्ति यांच्यामध्यें वीस वर्षें गेलीं. त्या वीस वर्षांत तुटलेल्या बोटांची किंमत कोणत्याहि कंपनीच्या हिशेबवहींत नव्हती.

रुळांवरून आतां शेताकडे वळलें पाहिजे, कारण मोटारीच्या हुकाचा खरा थोरला भाऊ ट्रॅक्टरचा हूक आहे. 1917 पासून फोर्डसन ट्रॅक्टर मोठ्या संख्येनें बनूं लागला. त्याच्या मागें साखळीनें नांगर बांधीत. नांगराचा फाळ जमिनींतील दगडाला किंवा मुळाला अडला कीं नांगर जागच्या जागीं थांबे, पण मागचीं चाकें फिरतच राहत. मग ट्रॅक्टरचें तोंड आकाशाकडे उचललें जाऊन सबंध यंत्र चालकाच्या अंगावर उलटे. साखळी तुटली असती तर तो वांचला असता! सांधा बळकट होता, म्हणूनच मृत्यु आला. या घटनांवर हॅरी फर्ग्युसन या आयरिश कारागिरानें जो उपाय शोधला तो म्हणजे तीन बिंदूंचा सांधा : दोन दांडे खालीं, एक वर. फाळ अडला कीं वरचा दांडा ट्रॅक्टरचें तोंड खालीं दाबून धरतो. 1938 सालीं फर्ग्युसन व हेन्री फोर्ड यांच्यांत केवळ हस्तांदोलनावर करार झाला आणि पुढच्या वर्षीं हा सांधा असलेला ट्रॅक्टर बाजारांत आला. आज शेतावरील बहुतेक ट्रॅक्टरांच्या पाठीशीं तीच तीन बिंदूंची रचना दिसते. सांगली जिल्ह्यांतच 1910 सालीं किर्लोस्करवाडी वसवून लोखंडी नांगर करूं लागलेल्या लक्ष्मणराव किर्लोस्करांच्या मुलुखांत ही कथा परकी वाटूं नये.

म्हैसाळ योजनेनें कृष्णेचें पाणी उपसून या कोरड्या तालुक्यापर्यंत आणलें, आणि गळिताच्या हंगामांत दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर येथल्या रस्त्यांचें नित्याचें दृश्य झाला. अशा ट्रॉल्यांना पुष्कळदां स्वतःचे ब्रेक नसतात. चढणीवर ट्रॅक्टर त्यांना ओढतो. उतारावर त्या ट्रॅक्टरला ढकलतात. अरुंद रुळांवरच्या मधल्या सांध्याची जी गोष्ट वर सांगितली ती येथें पुन्हा येते : ज्या खिट्टीनें ओढ सोसली, तिच्याच आधारानें आतां कित्येक टनांचा रेटा पुढें येतो, आणि पुढच्या हलक्या वाहनाची पाठ वांकडी करतो. ‘ओढूं शकतो’ आणि ‘थांबवूं शकतो’ या दोन निराळ्या शक्ति आहेत. विक्रेता पहिलीविषयीं बोलतो.

याच जिल्ह्यानें अलीकडे धुरजडपणावर एक सुंदर उत्तरहि दिलें. साखर कारखान्यांच्या उंसाच्या बैलगाड्यांत भार अतोनात असतो आणि तो बैलांच्या मानांवर येतो. इस्लामपूरजवळील राजारामबापू इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या विद्यार्थ्यांनीं जुवाखालीं दांडीला आधार देणारें एक जादा चाक बसविलें. 2022 सालीं त्याचें छायाचित्र देशभर फिरलें आणि लोकांनीं बैलांच्या वतीनें धन्यवाद दिले. युरोपांतील फिरत्या घरांच्या दांडीलाहि पुढें लहानसें चाक असतें. परंतु तें गाडी सोडल्यावर उभी ठेवण्यासाठीं असतें, चालतांना वर उचलून घेतात. सांगलीच्या विद्यार्थ्यांनीं तें चालत्या गाडीला लाविलें, कारण त्यांच्या पुढें ओढणारा लोखंडाचा नव्हता.

आतां त्या दाराशीं उभ्या असलेल्या ऐषारामी मोटारीकडे यावें. गृहस्थानें मागचा चकचकीत बंपर उतरविला म्हणजे प्रथम एक गोष्ट ध्यानांत येते : तो नुसता प्लॅस्टिकचा मुखवटा आहे. त्यामागें आघात सोसणारा आडवा तुळवट असतो, आणि तुळवटाच्या दोन्ही टोंकांशीं मोटारीच्या खऱ्या हाडांचीं, म्हणजे लांबवर जाणाऱ्या दोन पोलादी पेट्यांचीं, तोंडें असतात. हूक धरावयाचा तो या हाडांना. तुळवटाला नव्हे, बंपरच्या पत्र्याला तर नव्हेच. कांहीं मोटारींना उत्पादकानेंच या पेट्यांत छिद्रें व आंतून पक्क्या केलेल्या चाक्या ठेवलेल्या असतात. तेथें काम सोपें असतें. जेथें नसतात तेथें छिद्रें पाडण्याचा मोह होतो. ज्या मोटारींना वेगळी चौकट नसून सबंध सांगाडाच भार वाहतो, त्यांच्यांत नको त्या जागीं पाडलेलें एक छिद्र सांगाड्याला दुबळें करतें आणि तेथूनच गंजाला वाट देतें. बोल्ट किती जोरानें पिळावयाचा याचा आंकडा सूचनापत्रांत दिलेला असतो, आणि तो मोजण्याचा पाना निराळा असतो. नुसत्या मनगटाच्या अंदाजानें पिळलेला बोल्ट एकतर ढिला राहतो, नाहींतर ताणला जाऊन आंतून अधू होतो.

यानंतर विजेचें काम. मागच्या गाडीचे दिवे मोटारीच्या तारांना परस्पर जोडले तर नव्या मोटारीचा संगणक तो बिघाड समजतो. शिवाय कित्येक मोटारींत डोलणाऱ्या ओढगाडीला आंवरण्यासाठीं एकेका चाकाचा ब्रेक आपोआप दाबणारी योजना असते. मागें गाडी जोडली आहे हें संगणकाला कळलें नाहीं तर ती योजना निजूनच राहते. पाठीमागें अडथळा सांगणारीं यंत्रें ओढगाडीलाच अडथळा समजून ओरडत राहतात, हा त्यांतला विनोदी भाग.

परंतु या सर्वांहून महत्त्वाचा हिशेब पुन्हा गाडीवानाचाच आहे, आणि यंदा तो उलटा वाचावा लागतो. समजा, मोटारीच्या दोन आंसांमध्यें 3 मीटर अंतर आहे, आणि गोळा मागच्या आंसाच्या 1.2 मीटर मागें आहे. गोळ्यावर 100 किलो भार आला तर मागच्या आंसावर 100 नव्हे, 140 किलो वाढतात. आणि पुढच्या आंसावरचे 40 किलो कमी होतात. म्हणजे ओढगाडी जितकी धुरजड, तितकी मोटार उलाळ! एकीला जें औषध, तें दुसरीला अपथ्य. पुढचीं चाकें हलकीं झालीं कीं सुकाणू सैल वाटतें, दिव्यांचे झोत समोरच्याच्या डोळ्यांत जातात, आणि ओल्या रस्त्यावर पुढच्या ब्रेकांची पकड उणावते. बैलगाडींत हा प्रश्न नव्हता, कारण बैल चार पायांवर आपला तोल आपण सांवरतो. मोटारीला तो सांवरतां येत नाहीं; म्हणून गोळ्यावर किती भार चालेल याची मर्यादा उत्पादकानें ठरविलेली असते, आणि ओढण्याच्या मर्यादेहून ती वेगळी असते. जेथें उत्पादकानें या मर्यादा दिल्याच नसतील, तेथें हूक बसविण्याचा विचारच सोडून द्यावा हें बरें.

राहतां राहिला कायदा. भारताच्या 1988 च्या मोटार वाहन कायद्यानें मोटार वाहनाची जी व्याख्या केली आहे, तींत ओढगाडीहि मोटार वाहनच गणली आहे. तिला इंजिन नसलें तरी तिची नोंदणी हवी. त्याच कायद्याचें 52 वें कलम असें कीं, नोंदणीपत्रांतील तपशील उत्पादकानें मूळ ठरविलेल्या तपशिलाहून निराळा ठरेल असा फेरफार मालकानें वाहनांत करूं नये. आणि 2019 च्या जानेवारींत सर्वोच्च न्यायालयानें या कलमाचा अर्थ कडकपणें लावला. म्हणून पाना हातांत घेण्यापूर्वी परिवहन कार्यालयाकडे आणि विमा कंपनीकडे लेखी चौकशी करणें आवश्यक ठरतें. कडेगांव तालुक्यांतील देवराष्ट्रे येथील एका कारागिरानें भंगाराच्या सुट्या भागांतून घरींच लहानशी जीप घडविली होती. 2021 च्या अखेरीस तिची देशभर वाहवा झाली. पण ती नियमांत बसत नव्हती. पुढील जानेवारींत महिंद्र कंपनीनें ती आपल्याकडे ठेवून घेऊन त्याला नवी बोलेरो दिली. प्रत्येक घरगुती करामतीला असा समजूतदार गिऱ्हाईक भेटेलच, असें नाहीं.

आणि हें सर्व पार पडून हूक बसला, परवानगी मिळाली, ओढगाडी दाराशीं आली, तरी पहिल्या प्रवासापूर्वी एक काम उरतें. ओढगाडी सपाट जागीं उभी करावी, तिच्या चाकांना पुढें-मागें अडण्या द्याव्या, आणि दांडीचें टोंक गोळ्याच्याच उंचीवर येईल असा लांकडाचा ठोकळा घेऊन तो घरांतील वजनकांट्यावर ठेवून त्यावर दांडी टेकवावी. कांटा जो आंकडा दाखवील तो गोळ्यावर येणारा भार. तो कमी भरला तर सामान आंसाच्या पुढें सरकवावें, फार भरला तर थोडें मागें न्यावें, आणि सामान बदललें कीं पुन्हा मोजावें. जड वस्तु आंसाजवळ आणि तळाशीं, हलक्या टोंकांना. दांडीखालून दोन साखळ्या एकमेकींना छेद देतील अशा बांधाव्या, म्हणजे गोळा सुटलाच तर दांडीचें टोंक रस्त्यांत न रुततां साखळ्यांच्या झोळींत पडेल. कवठे महांकाळच्या माळावर पोतीं भरलेल्या गाडीची दांडी हातानें उचलून पाहणाऱ्या गाडीवानाजवळ वजनकांटा नव्हता, आणि त्यालाहि पहिल्याच खेपेला बरोबर अंदाज येई असें नाहीं. तो पोतें सरकवून पुन्हा उचलून पाही.